आधी काकूंचा घास

“काकू, आधी तुम्ही एक घास खा,” सुयोग म्हणाला आणि त्यानं ताट माझ्याकडं सरकवलं.

मी तव्यावर भाकरी टाकत होते. दुपारची पंगत ऐन भरात होती. कुणाला वरण पाहिजे, कुणाला ठेचा, कुणाचं लक्ष नुसतं घड्याळाकडं, कारण त्याचा फिजिक्सचा क्लास. त्यात ह्याचं हे नवीन. मी विचारलं, का रे, मीठ जास्त झालंय का? तर नाही म्हणाला. खारट नाही, तिखट नाही, तुम्ही फक्त खा. मी हाताचं पीठ पदराला पुसलं, त्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि तोंडात टाकला. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी घास गिळला तेव्हा कुठं त्यानं ताट परत ओढलं आणि मान खाली घालून जेवायला लागला.

बाकीची पोरं हसली. त्याच्या खोलीत राहणारा वैजनाथ म्हणाला, काकू, आम्हालाबी भरवा की. मी म्हटलं, तुझ्या तोंडाला कुलूप घालते, जेव गप.

लातूरच्या ट्यूशन एरियात आमचं घर आहे. खाली मेस, वर पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. मराठवाड्यातल्या ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं असतं, त्यासाठी पोरं इथं येतात आणि दोन वर्षं माझ्या हातचं खातात. डबे पोचवायचं काम आमचे मालक करायचे, म्हणजे माझे यजमान. स्वयंपाक माझा आणि आरडाओरडाही माझाच. पोरं मला घाबरतात आणि मला ते आवडतं.

सुयोग कावरखे हिंगोलीकडच्या एका खेड्यातला. बाप जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दहावीला ह्यानं असे मार्क काढले होते की गावानं चौकात त्याचा फ्लेक्स लावला, खाली ‘भावी डॉक्टर’ असं लिहून. पोरगं सोन्यासारखं. जेवून झालं की स्वतःचं ताट घासून ठेवायचं, एवढ्या पोरांत तेवढं एकच.

मेस चालवणाऱ्या बाईला पोटाची भूक नसते, दुसरीच असते. कुणीतरी म्हणावं, काकू, अगदी आईच्या हातची चव. आणि इथं तर एक पोरगं मी खाल्ल्याशिवाय घासाला हात लावत नव्हतं. मी किती फुगले असेन ते विचारू नका. पलीकडच्या गल्लीत सुलभाची मेस आहे, तिला मी मुद्दाम पालेभाजीच्या गाडीवर गाठून सांगितलं. म्हटलं, तुझी पोरं जेवणाला नावं ठेवतात, माझं एक लेकरू बघ, आधी मला भरवतंय. तिचं तोंड एवढंसं झालं. सोमवारी माझा उपवास असतो. लिंगायताच्या घरात सोमवार मोडणं म्हणजे काय, ते आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. पण सोमवारीसुद्धा त्यानं ताट पुढं केलं की मी त्याच्यातला घास खायची. म्हटलं, महादेवा, लेकरासाठी खाल्लं, तू समजून घे.

नंतर तो खाली यायचा बंद झाला. मी ताट घेऊन वर जायला लागले. खिडकीला त्यानं आतून पेपर चिकटवले होते. उन्हाळा असा की भिंतीला हात लावला तर भाजावा, तरी पंखा बंद. मी बटण दाबायला गेले तर हात धरला. म्हणाला, काकू, पंखा लावू नका, तो बोलतो. मी हसले. मला वाटलं, पंखा करकरतो म्हणतोय. आंघोळ नाही, क्लासला जाणं नाही, गालाची हाडं वर आलेली. मी म्हटलं, अभ्यासानं डोकं तापलंय पोराचं. आवळ्याचं तेल आणून टाळूवर घातलं. एक दिवस मीठ-मोहऱ्या नि मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका अजिबात उठला नाही. म्हणजे दृष्ट लागलेली होतीच. फ्लेक्स लावणाऱ्या गावाला मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

तो काही सुधारला नाही. एकदा ताट ठेवायला गेले तर तो भिंतीला कान लावून उभा होता आणि हळूहळू मान हलवत होता, फोनवर वडीलधारं माणूस बोलत असताना हलवतात तशी. फोन मात्र खाटेवर पडलेला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी खाली आले आणि वैजनाथला गाठलं. तो परळीचा, तोंडानं चुरचुरीत, पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. कान लाल झाले. मी म्हटलं, सांगतोस का तुझ्या बापाला फोन लावू? मग त्यानं सांगितलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं पोरं गांजा ओढायची. टेस्ट झाली की ओढायची. सुयोगला झोप लागत नव्हती, म्हणून वैजनाथनंच त्याला पहिला झुरका दिला होता. पहिल्यांदा झोप लागली. मग झोपेसाठी रोज, मग सकाळी क्लासच्या आधी, मग केव्हाही. माझ्याच गच्चीवर, मी कुरडया वाळत घालते तिथं.

“आम्हीपण ओढतो काकू,” वैजनाथ म्हणाला. “आम्हाला काहीच होत नाही. त्यालाच का झालं, कळत नाही.”

मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. त्यानं गाल चोळला आणि उभाच राहिला. अजून काहीतरी होतं त्याच्या पोटात. म्हणाला, तो तुम्हाला आधी खायला का लावतो, माहीत आहे का? मी म्हटलं, का? तर म्हणाला, सुयोगला वाटतं त्याच्या जेवणात कुणीतरी विष घालतंय. डोकं बंद पडायचं विष. क्लासवाले, बाकीची पोरं, सगळे त्यात आहेत. त्याच्या वडिलांचा आवाज भिंतीतून येतो, तो सांगतो, खाऊ नको. तुम्ही खाल्लं आणि तुम्हाला काही झालं नाही, की मग तो खातो.

“आणि मला काही झालं तर?” मी विचारलं.

वैजनाथनं बॅग उचलली आणि क्लासला निघून गेला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला, काळजी नंतर. कुत्र्याला तुकडा टाकून बघतात, शिळं विटलंय का म्हणून, तशी मी. आणि मी बया सुलभाला सांगत सुटले होते. रात्री भांडी आपटून आपटून घासली. मालक म्हणाले, भांड्यांनी काय केलंय तुझं? मी त्यांना काहीच सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ताट वर नेलं. त्यानं पुढं केलं, मी घास खाल्ला. नाही खाल्ला तर तो उपाशी राहणार होता, आणि मेसवाल्या बाईच्या घरात पोरगं उपाशी राहत नाही.

मग मी कावरखे गुरुजींना फोन केला.

गुरुजी एसटीनं आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात घरच्या तुपाची बरणी. वर पोराजवळ जाऊन बसले. सुयोग त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही, भिंतीकडं तोंड करून बसला. भिंतीतला बाप त्याच्याशी बोलत होता आणि खाटेवरच्या बापाकडं त्याची पाठ होती. मी दारात उभी राहून ते बघितलं. गुरुजी खाली आले तेव्हा त्यांच्या हातातली तुपाची बरणी तशीच होती. मी गांजाचं सांगितलं तर म्हणाले, माझा मुलगा तसला नाही. मी म्हटलं, नसेल, पण गांजा तसलाच आहे.

ते एकटेच डॉक्टरांकडं गेले. आमच्याकडं मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरबाई आहेत, देवणीकर मॅडम. नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांच्या जिन्याशी उभं राहायचं तर लोक तोंडाला रुमाल बांधून उभे राहतात. मॅडमनी त्यांना सांगितलं, मुलाला घेऊन या, उशीर करू नका. येतच नसेल तर मी उद्या संध्याकाळी घरी येऊन बघते. झोपेसाठी तेवढी ह्यातली एक गोळी द्या, पण त्याला सांगून द्या. एवढं गुरुजींनीच मला सांगितलं. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. पाकिटावर मॅडमच्या दवाखान्याचा शिक्का होता.

“ताई, सांगून तो घेणार नाही,” ते म्हणाले. “तुमच्या हातचं खातो तो. वरणात बारीक करून घाला.”

मी भाकरी थापत होते, ती तशीच परातीत सोडली. मी विचारलं, गुरुजी, पहिला घास मी खाते हे तुम्हाला माहीत आहे ना? ते म्हणाले, एका घासानं तुम्हाला काय होणार आहे. मी म्हटलं, मला काय होतं त्याचं मी बघते. सगळ्या जगात ह्या एका चुलीवरचं तो खातोय. त्याला आज ना उद्या कळेल. त्यानंतर तो कुणाचं खाईल ते सांगा.

गुरुजींनी पाकीट उचललं, परत खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते कदाचित बायकोलाही कधी सांगितलं नसेल. त्यांना एक धाकटा भाऊ होता, गोविंद. अकरावीत असताना असाच भिंतींशी बोलायला लागला. घरच्यांनी कोंडून ठेवला, देव केले, भगत केले. एके दिवशी दार उघडं राहिलं आणि गोविंद निघून गेला. पूर्णा स्टेशनच्या फलाटावर कुणीतरी त्याला बघितला, अंगात कपडा नव्हता. त्यानंतर कुणालाच दिसला नाही. गावात सांगितलं, संन्यास घेतला.

“मी सुयोगला तसा जाऊ देणार नाही,” गुरुजी म्हणाले. “मग फसवून का होईना.”

त्यांच्यावर चिडायला मला जमलं नाही. पाकीट मी कमरेला खोचलं, ताट वाढलं आणि जिना चढले. त्यांना वाटलं मी ऐकलं. मी काय करणार होते ते मला स्वतःलाही पायरी चढेपर्यंत ठरवता आलं नव्हतं. वरण मात्र साधंच होतं.

सुयोग खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मी ताट खाली ठेवलं आणि पाकीट ताटाशेजारी ठेवलं. बसले. म्हटलं, “हे बघ. ही गोळी आहे. डॉक्टरबाईंनी दिली, तुझ्या बापानं आणली. वरणात घाल म्हणाले, मी घातली नाही.”

तो पाकिटाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. बरेच दिवस सगळ्यांनी खोटी ठरवलेली गोष्ट खरी निघाली की दिसतं तसं.

“म्हणजे खरंच होतं,” तो म्हणाला.

“घाल म्हणाले. घातलं नाही, ते ऐकलंस का?”

“काकू, तुम्हाला माहीत नाही त्यात काय असतं. तुम्हाला फसवायलेत ते.”

मी म्हटलं, डोकं शांत करायची गोळी आहे, लोक खातात. तू रात्रंदिवस जागा असतोस, तुला झोप येईल, मग उद्या बाई येतील, बोलतील. तो मान हलवत राहिला. मी त्याला गांजाचं विचारलं, तर म्हणाला, गांजानंच तर मला हे सगळं ऐकू यायला लागलं काकू, नाहीतर कळलंच नसतं. खाली पोरांचा गोंगाट चालला होता, कुणीतरी काकू भाकरी म्हणून ओरडत होतं.

“तुम्ही खाल का?” सुयोगनं विचारलं.

मला वाटलं होतंच तो हे विचारणार. एवढे दिवस घास खाल्ले, आता हीच राहिली होती. आता नाही म्हटलं असतं तर एवढ्या दिवसांचे सगळे घास खोटे ठरले असते.

“दे,” मी म्हटलं. “माझं डोकं तसं जन्मापासून तापटच आहे. शांत झालं तर आमचे मालक महादेवाला नारळ फोडतील.”

तो हसला नाही. मी गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि लहान पोरांसारखी जीभ बाहेर काढून दाखवली. म्हटलं, आता तू. पाकिटात अजून होत्या. तो म्हणाला, थांबा. आम्ही थांबलो. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मेसवाली जेवते सगळ्यांच्या शेवटी, आणि माझं प्रेशर तसं कायम कमीच. वरणावर साय धरली. मी त्याला माझ्या लेकीचं सांगत होते, ती बिदरला दिलीय, तिला रोज भात लागतो, असलंच काहीतरी. बोलता बोलता जीभ जड झाली. मला वाटलं, खाली जावं, भाकऱ्या राहिल्यात. उठले आणि दाराची चौकट जागेवर नव्हती. एवढंच मला आठवतं.

पुढचं लोकांनी सांगितलं. क्लास सुटायची वेळ, आमचा रस्ता पोरापोरींनी आणि त्यांच्या बॅगांनी भरलेला. त्यातून सुयोग मला पाठीवर घेऊन पळत होता. अनवाणी. गुरुजी आडवे गेले तर त्यांना ढकलून दिलं, ते नळाच्या ओट्यावर पडले, त्यांचा चष्मा फुटला. काकूला विष दिलं, काकूला विष दिलं, असं तो ओरडत होता. पोरांनी मोबाइल काढून शूटिंग केलं. एका रिक्षाच्या पुढं तो आडवा उभा राहिला, मला आत टाकलं आणि गेला. खोलीच्या बाहेर पाय ठेवायला जो घाबरत होता, त्यानं हे सगळं केलं. वैजनाथ पंक्चरच्या दुकानाशी उभा होता, तो मागून मोटरसायकलवर गेला.

मी डोळे उघडले तेव्हा हाताला सलाइन होतं आणि मालक शेजारच्या स्टुलावर बसून रडत होते. त्यांना रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. मी विचारलं, भाकऱ्या झाल्या का? ते अजून रडायला लागले. दवाखाना देवणीकर मॅडमचाच होता. मॅडम आल्या आणि त्यांनी मला असं काही झाडलं की मी कुणाला झाडते तेसुद्धा फिकं पडावं. दुसऱ्याच्या नावाची गोळी, उपाशी पोटी, असलं प्रेशर असताना. मी ऐकून घेतलं. सुयोगचं विचारलं तर म्हणाल्या, वर आहे, झोपलाय, त्याला आत्ता कुणी भेटायचं नाही.

त्याला त्यांनी पुष्कळ दिवस ठेवून घेतला. सोडायच्या दिवशी मी धपाटे आणि दही घेऊन फाटकाशी उभी होते. तो गुरुजींबरोबर जिना उतरला. अंगानं भरला होता, पण चालताना पाय ओढत होता. माझ्याकडं त्यानं एकदा बघितलं, मान खाली घातली आणि जीपमध्ये बसला. एक शब्द नाही. डबा गुरुजींनी घेतला, नमस्कार केला. जीप गेली.

गल्लीत सगळे सांगायचे की त्याला जगाला दाखवायचं होतं, बघा, मी म्हणत होतो ते खरं निघालं. म्हणून तर तो तुम्हाला उचलून मॅडमच्या दारात घेऊन गेला. मलाही ते पटलं. आधी चाखायला मी, नंतर पुरावा म्हणूनही मीच. पुढची कित्येक वर्षं मी ही गोष्ट नव्या पोरांना हसत हसत सांगायचे, आणि गच्चीच्या दाराला कुलूप का असतं तेही सांगायचे. हसायचे, पण लागलेलं होतं. एवढं लेकराला खाऊ घातलं आणि त्याच्या लेखी मी कोण, तर चाखणारी.

गुरुजींचा वर्षाकाठी एखादा फोन यायचा. परीक्षा सुयोगनं कधीच दिली नाही. एकदा गोळ्या सोडल्या आणि सगळं पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून सोडत नाही. आता गावाबाहेर त्यानं रोपांची नर्सरी टाकलीय. माणसांत फार बसत नाही, झाडांत बरा असतो. वैजनाथ मात्र डॉक्टर झाला. त्यानं पुन्हा कधी गांजाला हात लावला नाही असं तो म्हणतो आणि सांगताना त्याचे कान लाल होत नाहीत. एकाच टाकीमागं बसून दोघांनी एकच चिलीम ओढली. मी हे मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ह्या वयात डोकं अजून कच्चं असतं. कुणाच्या घराण्यात आधीच ते बी असतं, कुणाच्या नसतं, आणि ते ओढायच्या आधी कुणाला सांगता येत नाही. गोविंदकाकाबद्दल सुयोगला कुणी सांगितलंच नव्हतं.

परवा एका दुसऱ्या पोराला घेऊन मी मॅडमकडं गेले होते. उस्माननगरचा आहे, स्वभावानं हसरा, आणि गेल्या महिन्यापासून उगीचच हसायला लागला होता, एकटाच, ताटाकडं बघून. आता मी मीठ-मोहऱ्या ओवाळत बसत नाही. दंड धरला आणि रिक्षात घातला. आता माझी त्या जिन्यावर ओळखच झालीय, रुमाल वगैरे काही बांधत नाही. पोरगं आत दुसऱ्या डॉक्टरशी बोलत होतं, मॅडम आणि मी चहा घेत होतो. मॅडमचे केस आता सगळे पांढरे झालेत. मी बोलता बोलता म्हटलं, मॅडम, हा तरी सरळ जेवतो, सुयोगसारखा मला चाखायला लावत नाही. कुत्र्यासारखं वापरलं हो त्यानं मला. आणि मी पडल्यावर उचलून तुमच्यापुढं आणून टाकलं, घ्या पुरावा म्हणून.

मॅडमनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, कोण म्हणालं तुम्हाला, पुरावा म्हणून?

मी म्हटलं, सगळेच म्हणतात.

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, आजाऱ्याचं दुसऱ्याला सांगू नये, पण हे तुमचंच आहे, तुमच्याजवळ असायला पाहिजे होतं. मला वाटत होतं त्याच्या वडिलांनी सांगितलं असेल.

मग त्यांनी सांगितलं. रिक्षावाला जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेत होता. सुयोगनं पाकिटावरचा शिक्का दाखवला आणि इथंच चल म्हणाला. बाहेर पेशंटची रांग होती, ती ओलांडून तो सरळ मॅडमच्या खोलीत आला आणि मला टेबलावर ठेवलं. सगळ्या कटाची मुख्य म्हणजे ह्याच, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. विष बनवणारी बाई. त्या दारात पाय ठेवला की आपण जिवंत परत जात नाही, असं त्याला त्या वेळी खरोखर वाटत होतं, आपल्याला समोरची भिंत दिसते तेवढं खरं. मॅडम म्हणाल्या, मी माझ्या सगळ्या डॉक्टरकीत एवढं घाबरलेलं माणूस बघितलं नाही. त्याची पँट ओली झालेली होती.

“आपलं खरं निघालं, असं त्यानं काहीच म्हटलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो म्हणाला, विष तुमचं आहे, म्हणजे उताराही तुमच्याकडंच असणार. तो काकूला द्या. ते माझ्यासाठी होतं, चुकून तिनं खाल्लं. तिला सोडा आणि मला काय द्यायचं ते द्या.”

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

मॅडम म्हणाल्या, तुमच्या हाताला सलाइन लावलं, तुमची नाडी त्याला बोटानं बघायला लावली. ती लागतेय हे त्याला कळलं. मग मी सुई भरली. त्याला धरायला दोन वॉर्डबॉय आले होते, पण त्यांची गरज पडली नाही. तुमच्या नाडीवरचं बोट न काढता त्यानं दुसऱ्या हाताची बाही दातानं वर ओढली आणि हात माझ्यापुढं धरला.